टप्पा दोन

मार्च संपत आलाय. अकरानंतर दुर्बिणीत
आकडे थरथरायला लागतात, ऊन त्यांना उकळतं.
तिपाईवरचा बुडबुडा मध्ये येत नाही,
आणि भिवसन स्टाफ धरून उभा
जिनिंगच्या भिंतीपाशी, ताठ,
झेंड्याजवळ उभं केलेल्या पोरासारखा.

नगर पंचायत होऊन सहा वर्षं झाली.
त्याआधी हे गाव होतं,
म्हणजे आताही आहे, फक्त पाटी बदलली
आणि तुरीच्या वावरात चुन्याच्या रेघा आल्या:
गुरुकृपा लेआउट, साईनगरी एक, साईनगरी दोन.
प्रत्येक घराला संडास, प्रत्येक संडासाला टाकी,
टाकीचं पोट भरलं की
एक पाइप गुपचूप नालीत.

मला काढायचाय तीस वर्षांनंतरचा आकडा.
माणशी एकशे पस्तीस लिटर, त्यातलं ऐंशी टक्के
सांडपाणी म्हणून परत येईल असं धरायचं.
जी पोरं अजून जन्मली नाहीत
त्यांच्या आंघोळीचं पाणी मी आज वहीत मोजते,
आणि वॉर्ड चारमध्ये सुमनबाई सोनटक्के
टँकरखाली पाचवा गुंड लावताना विचारते,
"एकशे पस्तीस? एका माणसाले?
मंग बाकीचं कुठं ठेवलं बाई तुमी?"

नकाशावर नाला निळा आहे. जागेवर नाही.
जागेवर मंगल कार्यालय आहे.
भिवसन म्हणतो, "नाला गेला नाई मॅडम, खालीच हाये.
आगष्टात येते वर,
पंगतीतून फिरून जाते."

एकतीस वर्षं त्यानं नाल्या काढल्या,
आधी ग्रामपंचायतीचा रोजंदार, आता ठेकेदाराचा.
विडीचं थोटूक नालीत टाकतो
आणि ते कुठं वाहत जातं ते बघतो.
माझं रीडिंग आणि त्याचं थोटूक
बावीसपैकी वीस ठिकाणी जुळलं.
उरलेल्या दोन ठिकाणी मी परत मोजलं.
माझं चुकलं होतं.

मग माती. काळी.
खड्डा खणला तर भेगा, हात जाईल एवढ्या.
उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते,
कुठलाही जोड सरळ राहू देत नाही.
पाइपाखाली मुरूम घाला, रेती घाला,
नाहीतर तिसऱ्या वर्षी ती त्याची मान मोडते.
हे पुस्तकात आहे.
भिवसनच्या घराच्या भिंतीतही आहे, आडवं.

त्याचं घर मोरीच्या पलीकडे, आखरी रांगेत.
आमचं कधी, असं त्यानं विचारलं नाही.
नुसता स्टाफ दारासमोर टेकवला,
मी रीडिंग घेतलं, आणि दोघांनाही कळलं:
मुख्य वाहिनीपेक्षा साठ सेंटिमीटर खाली.
सतरा घरं. पाणी चढत नाही.
अहवालात अशा घरांसाठी एक ओळ तयार असते:
पंपिंग प्रस्तावित, टप्पा दोन.
टप्पा दोन मी कधी बघितलेला नाही.
नऊ वर्षं झाली नोकरीला.

त्या रात्री लॉजवर, पंख्याखाली कागद उडू नयेत म्हणून
वर संत्री ठेवून,
मी वाहिनी खाली ओढली,
त्याच्या दारापासून शुद्धीकरण केंद्रापर्यंत,
चेंबरमागून चेंबर.
खोली वाढली. एकोणीस लाख वाढले.
जेटिंगची गाडीही पहिल्या टप्प्यात टाकली,
कारण खोलीचा आकडा ऐकून भिवसननं एवढंच विचारलं होतं,
"याच्यात कोन उतरन?"
मी म्हटलं, कोणी नाही.
तो हसला.
ज्या हॉस्टेलच्या टाकीसमोरून जाताना
तो रस्त्याची दुसरी बाजू धरतो
ती माझ्या यादीत आहे, क्रमांक अडतीस.
शेरा: झाकण नवीन.

फाइल परत आली. लाल शाईत:
खोली वाढवण्याचे कारण नमूद करावे.
मी लिहिलं, उताराची गरज.
खोटं नाही ते.
जोडपत्रात सतरा घरांच्या पातळ्या लावल्या.
सुमनबाईचे पाच गुंड मात्र
कुठल्या रकान्यात बसवायचे
ते अजून कळलेलं नाही.